ज्या रानाला गिऱ्हाईकच नाही ते विकायला का काढलंत? : अमेरिकेच्या इंटिरियर खात्याला आणि काँग्रेसला खुलं पत्र

इंटिरियर खात्याचे सचिव डग बर्गम साहेब, आणि काँग्रेसमधले सगळे सिनेटर नि प्रतिनिधी,

नमस्कार.

मी गेली सोळा वर्षं अलास्कात फेअरबँक्सला राहतेय, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आता इथली नागरिक आहे म्हणजे मतदारही आहे. इंग्रजीतलं पत्र तुमच्या ऑफिसला रीतसर पाठवलंय, दोन पानी. पण ते पाठवूनही मन काही शांत होईना. जे खरं सांगायचं होतं ते त्यात आलंच नव्हतं, कारण ते मला मराठीतच सांगता येतं. आणि दुसरं म्हणजे या देशात मराठी बोलणारे हजारो लोक मतदान करतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही जमीन त्यांचीसुद्धा आहे हे माहीतच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

आधी आमच्या वाचकांसाठी एक खुलासा. इंटिरियर खातं म्हणजे आपल्याकडचं गृहखातं नाही, देशाची कायदा-सुव्यवस्था यांच्याकडे नसते. केंद्राच्या मालकीच्या बऱ्याचशा जमिनी, नॅशनल पार्क, वन्यजीवांसाठी राखलेली रिफ्यूज, हे सगळं या खात्याच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे सांभाळायला दिलेलं. घाटावर जसं गायरान असतं किंवा आमच्या गोव्यात कोमुनिदादची जमीन असते, तसं हे अख्ख्या देशाचं गायरान आहे, फक्त आकार इतका मोठा की डोक्यात मावत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात तुम्ही दोन निर्णय घेतलेत. ६ तारखेला खाणींसाठी रानातून जाणाऱ्या अँब्लर रोडला मंजुरी दिलीत, आणि २३ तारखेला आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रिफ्यूजचा किनाऱ्यालगतचा सपाट पट्टा, सगळाच्या सगळा, साधारण १५ लाख ६० हजार एकर, तेलाच्या लीजसाठी खुला करत असल्याचं जाहीर केलंत. एका महिन्यात दोन्ही. त्या आठवड्यात आमच्याकडे बर्फ पडून रस्ते पांढरे झाले होते आणि मी गाडीत रेडिओवर ऐकलं, पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसून राहिले.

माझा यात संबंध काय असं कोणी विचारेल. सांगते.

मी डिचोली तालुक्यातली, गोव्याची. आमच्या घराच्या मागे टेकडी होती, मी चौथीत असेपर्यंत होती. मग खाण आली. खाण म्हणजे नुसता खड्डा नसतो हे ज्यांच्या गावात ती आलीय त्यांनाच कळतं. लोखंडाची माती काढण्याआधी वरची नको असलेली माती काढून बाजूला ढीग लावतात, त्याला आम्ही डंप म्हणायचो. पावसाळ्यात तो डंप वाहून शेतात यायचा, भात लाल चिखलात उभं. खड्डा पाण्याच्या पातळीच्या खाली गेला की पंप लावून पाणी बाहेर फेकायचे, मग आमच्या विहिरी आटल्या, मग टँकर सुरू झाले. रस्त्यावर टिपरांची रांग, घरातल्या तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर बोट लाल. २००८ च्या आधी चीनमध्ये मागणी वाढली तेव्हा तर रात्रंदिवस गाड्या चालायच्या. आणि हो, पैसाही आला, खोटं कशाला बोलू, माझ्या चुलत भावाने कर्ज काढून ट्रक घेतला, घर बांधलं. २०१२ ला सगळं बंद झालं, मग परत सुरू झालं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि परत बंद. ट्रक दारात गंजत उभा, हप्ते चालू, टेकडी तर गेलेलीच. खाणवाले गेले, आम्ही तिथेच.

त्याच गावात एक देवराय होती. आज्जी मला घेऊन जायची, कडेला चपला काढायला लावायची, आत वाळलेली काटकी पण उचलायची नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायची, हे आपलं नाही ना. मी लहान होते, तिचा अर्थ मला कळला नव्हता. कळला तो इथे येऊन, आणि तोही एका डब्यातून.

लॅबमध्ये माझ्याबरोबर एक ग्विचिन मैत्रीण काम करते. ग्विचिन म्हणजे अलास्काच्या ईशान्येला आणि पलीकडे कॅनडात राहणारे मूळ लोक, कॅरिबूवर जगणारे. कॅरिबू म्हणजे रानातलं रेनडिअर. पहिल्या हिवाळ्यात तिने ब्रेकमध्ये झिपलॉकची पिशवी पुढे केली, आत सुकवलेलं मांस होतं, काळपट, कडक, धुराचा वास, चावता चावता दात दुखतात आणि मग हळूहळू तोंडभर चव सुटते. मी तिला सोलकढी दिली होती, त्याची परतफेड. म्हणाली, आईने पाठवलंय, आर्क्टिक व्हिलेजहून. त्या गावाला रस्ता नाही, फेअरबँक्सहून छोटं विमान जातं. मी दोन वर्षांनी तिच्याबरोबर गेले. विमानातून आमच्याआधी डायपरचे खोके आणि नूडल्स उतरल्या, दुकानात दुधाचा भाव आमच्या तिप्पट, आणि घरोघरी मागे लाकडी मांडवावर मांस वाळत घातलेलं. तिची आई पातळ पातळ पट्ट्या कापत होती, मांसाचा एक तुकडा वाया जाऊ देत नव्हती, हाडं फोडून त्यातला मगज वेगळा, कातडं वेगळं. मला आमच्याकडचे मे महिन्यात सुंगटं आणि बांगडे वाळत घालणारे दिवस आठवले. आमच्याकडे त्याला पुरुमेंत म्हणतात, पावसाळ्याची बेगमी. तिथे हिवाळ्याची.

तिच्या आईने मला सांगितलं की त्यांच्यात मानतात, माणसाच्या काळजाचा एक तुकडा कॅरिबूत आहे आणि कॅरिबूच्या काळजाचा एक तुकडा माणसात. आणि उत्तरेला समुद्राकाठी जिथे कॅरिबू वितात त्या जागेला ते म्हणतात, जिथे आयुष्य सुरू होतं ती पवित्र जागा. तिथे ते जात नाहीत, पूर्वी दुष्काळात उपाशी असतानाही जात नव्हते. मी तिला विचारलं का नाही, तर तिने खांदे उडवले आणि जे सांगितलं ते माझ्या आज्जीचंच वाक्य होतं जवळजवळ. ती जागा आमची नाही, त्यांची आहे.

बर्गम साहेब, तुम्ही जो पट्टा खुला केलाय तो हाच.

आता जरा भूगोल, कारण नकाशावर ते सगळं पांढरंच दिसतं आणि त्यामुळे लोकांना वाटतं की तिथे काही नाहीच. दक्षिणेला ब्रूक्स पर्वतरांग, उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्र, मध्ये हा चिंचोळा सपाट पट्टा. पोर्क्युपाइन नदीच्या नावाने ओळखला जाणारा कॅरिबूंचा कळप, २०१७ च्या मोजणीत २ लाख १८ हजार होता, हिवाळाभर डोंगराच्या दक्षिणेला नि कॅनडात राहतो आणि वसंतात गाभण माद्या शेकडो मैल चालत उत्तरेकडे येतात. जूनच्या सुरुवातीला पिल्लं होतात. का एवढं चालायचं? कारण तिथे त्या वेळेला कोवळं कापूसगवत उगवलेलं असतं, लांडगे अस्वलं डोंगराकडे जास्त नि इकडे कमी असतात, आणि समुद्राचा वारा असतो म्हणून डास जरा कमी. अलास्कातले डास ज्याने पाहिलेत त्याला हे शेवटचं कारण किती मोठं आहे ते सांगावं लागणार नाही, ते कॅरिबूचं रक्त इतकं पितात की जनावर खायचं सोडून नुसतं पळत सुटतं. पिल्लाचे पहिले दोन-तीन आठवडे असे धावपळीत गेले तर ते पहिला हिवाळा काढत नाही. दुसरी अशी जागा त्यांच्याकडे नाही. पश्चिमेला प्रुडो बेला तेलाची फील्ड आहेत, तिथल्या कळपाच्या माद्या पिल्लं लहान असताना रस्त्यांपासून नि पाइपलाइनपासून लांब सरकतात हे तुमच्याच लोकांनी वर्षानुवर्षं नोंदवलंय. तिथे सरकायला जागा तरी होती. इथे मागे डोंगर आणि पुढे समुद्र, सरकून जाणार कुठे?

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि हीच मला सगळ्यात जास्त खुपते. हे रान तुम्हाला सांभाळायला दिलं होतं. १९६० साली आयझेनहॉवरच्या सरकारात तुमच्याच खुर्चीवर बसलेल्या फ्रेड सीटननी सहीने हे राखीव केलं, रिपब्लिकन सरकार होतं ते. १९८० साली डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टरनी कायद्यावर सही करून ते जवळजवळ दुप्पट केलं, आज ते १ कोटी ९० लाख एकरांच्या आसपास आहे, पण या किनारपट्टीचा निर्णय मात्र काँग्रेसवर सोडला, आणि तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं ती लोंबकळत आहे. म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून राखलेली गोष्ट आहे ही. राखणदारालाच विकायची घाई झाली तर आम्ही तक्रार कुणाकडे करायची? कुंपणच शेत खातंय असं आमच्यात म्हणतात.

दुसरी. पैसे येणार म्हणून सांगितलं होतं, ते आले कुठे? २०१७ च्या टॅक्सच्या कायद्यात तुम्ही (तुम्ही म्हणजे काँग्रेस) घुसडलंत की इथे दोन लिलाव करायलाच हवेत, आणि त्यातून केंद्राला दहा वर्षांत १०० कोटी डॉलरच्या आसपास मिळतील असा हिशोब मांडलात. पहिला लिलाव ६ जानेवारी २०२१ ला झाला. बोली आली सगळी मिळून १ कोटी ४४ लाख डॉलरची, आणि त्यातही निम्मा हिस्सा राज्याचा. एकही मोठी तेल कंपनी आली नाही. बहुतेक लीज घेतली कोणी, तर अलास्का राज्याच्याच सरकारी महामंडळाने. दोन छोट्या कंपन्यांनी घेतली होती त्यांनी पुढच्याच वर्षी परत केली. २०२० संपेपर्यंत अमेरिकेतल्या सहाच्या सहा मोठ्या बँका सांगून मोकळ्या झाल्या होत्या की आम्ही इथे पैसा लावणार नाही. दुसरा लिलाव जानेवारी २०२५ मध्ये. त्यात किती बोली आल्या? शून्य. एकसुद्धा नाही. आणि त्याच्यावर उपाय म्हणून काय केलंत, तर जुलै २०२५ च्या त्या मोठ्या बिलात ('वन बिग ब्यूटिफुल बिल') लिहिलंत की आता पुढच्या दहा वर्षांत कमीत कमी चार लिलाव करायचेच. बाजारात माल कोणी घेत नाही तर शहाणा माणूस दुकान बंद करतो, आणि इथे तर माल आपला नाहीच, लोकांचा आहे. गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाव पाडत बसायचा हा कुठला कारभार?

तिसरी, जमिनीचं जखम धरून ठेवणं. १९८४-८५ मध्ये त्या पट्ट्यावर तेल शोधायला भूकंपमापनाच्या गाड्या फिरवल्या होत्या, हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर, काही होणार नाही म्हणून. त्या चाकांच्या खुणा पाव शतकानंतरही काही ठिकाणी दिसत होत्या. इथली जमीन अशीच आहे. मला हे पुस्तकात वाचावं लागत नाही, माझ्या शेजाऱ्यांचं गॅरेज एका कोपऱ्याला इतकं खचलंय की दार लागत नाही, कारण खालचा कायमचा बर्फ वितळतोय, फेअरबँक्समध्ये अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मी डाल्टन हायवेने उत्तरेला गेलेय, बाजूने प्रुडो बेचं तेल दक्षिणेला नेणारी ती ८०० मैलांची पाइपलाइन जाते, तिचे खांब जवळून बघितलेत. बहुतेक खांबांच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची पाती लावलेली असतात, आत अमोनिया असतो, जमिनीतली उष्णता वर खेचून हवेत सोडायला, म्हणजे खालची जमीन गोठलेली राहावी आणि खांब कलू नये. १९७७ साली तेल सुरू झालं तेव्हाही ही काळजी होती. तेव्हापासून आर्क्टिक बाकी जगापेक्षा तीन-चार पट वेगाने तापलंय. त्याच तेलाने तापलंय. आणि ज्या जमिनीला उभं ठेवायला आता पूर्वीपेक्षा जास्त आटापिटा करावा लागतोय तिथेच अजून नवीन खांब रोवायचे म्हणताय.

त्याच प्रवासातलं एक सांगते. ऑगस्ट महिना, अटिगन खिंडीच्या पलीकडे आम्ही गाडी बंद करून थांबलो कारण कॅरिबू रस्ता ओलांडत होते. तीस-चाळीस असतील, तो वेगळा कळप, त्या बाजूचा. वारा पडला होता. आणि टक टक टक असा आवाज येत होता, बोटं मोडल्यासारखा, सगळीकडून. मला कळेना कसला. नवऱ्याने सांगितलं त्यांच्या पायाचा आहे, चालताना घोट्यातल्या शिरा हाडावरून सरकतात त्याचा. धुक्यात, अंधारात कळपातल्यांना एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून असेल. एक मादी रस्त्याच्या कडेला येऊन थबकली, तिचं पिल्लू मागे, दोघं बराच वेळ डांबराकडे बघत उभी राहिली, लांबून ट्रक येत होता, ती वळली आणि परत गेली. पिल्लूही गेलं. ट्रक गेल्यावर आम्ही वीस मिनिटं थांबलो, ती काही आली नाही. एक रस्ता, एक ट्रक.

चौथी तक्रार याच रस्त्यांबद्दल आहे, म्हणजे अँब्लर रोड. २११ मैलांचा, डाल्टन हायवेपासून पश्चिमेला ब्रूक्स रांगेच्या पायथ्याने, गेट्स ऑफ द आर्क्टिक नॅशनल पार्कच्या राखीव भागातून, तांब्याच्या खाणी काढण्यासाठी. ११ मोठ्या नद्या आणि तीन हजाराच्या घरात ओढे-नाले ओलांडणार. २०२४ च्या जूनमध्ये तुमच्याच खात्याने अभ्यास करून नाही म्हटलं होतं, साठाहून जास्त गावांच्या शिकारीवर नि मासेमारीवर परिणाम होईल म्हणून. सव्वा वर्षात असं काय बदललं? नदी तीच, मासे तेच. हं, १९८० च्या कायद्यात त्या भागातून रस्त्याची वाट ठेवली होती हे मला माहीत आहे, पण वाट ठेवली म्हणजे डोळे मिटून चालायलाच पाहिजे असं नाही. बदललं ते एवढंच की ज्या दिवशी मंजुरी दिलीत त्याच दिवशी सरकारने त्या भागात खाणीचे हक्क असलेल्या ट्रिलॉजी मेटल्स या कंपनीत १० टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, ३ कोटी ५६ लाख डॉलरचा. परवानगी देणारा आणि धंद्यात भागीदार, दोन्ही एकच. माझ्या गावच्या पंचायतीत असं झालं असतं तर लोकांनी सभा उधळली असती.

आणि म्हणे रस्ता फक्त खाणीसाठी, लोकांना बंद. डाल्टन हायवे १९७४ साली बांधला तेव्हा तोही फक्त ट्रकांसाठी होता, त्याचं नावच हॉल रोड, म्हणजे मालवाहतुकीचा रस्ता. १९९४ पासून शेवटपर्यंत सगळ्यांना खुला आहे, मी स्वतः त्यावरूनच गेलेय ना. रस्ता एकदा झाला की तो कुणाचं ऐकत नाही. पश्चिमेकडचा कॅरिबूंचा कळप २००३ ला ४ लाख ९० हजार होता, २०२३ ला १ लाख ५२ हजारावर आलाय. कारणं बरीच आहेत, रस्ता त्यातलं नाही, अजून झालाच नाही तो. पण आजारी माणसाला आधी बरं होऊ देतात.

त्याच भागात अजून एक गोष्ट चाललीय. ब्रूक्स रांगेतल्या कितीतरी नद्या-ओढे गेल्या काही वर्षांत नारिंगी झालेत, गंजाच्या रंगाचे. खालचा बर्फ वितळतो, आतल्या गंधकाच्या खनिजांना पहिल्यांदाच हवा-पाणी लागतं, आम्ल तयार होतं, लोखंड आणि बाकीचे धातू सुटून पाण्यात येतात. साल्मन नदी, जिच्या काठी कुणी शेत केलं नाही की कारखाना काढला नाही, ती अशी झालीय. मी फोटो पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तो रंग मला लहानपणापासून ओळखीचा आहे, आमच्या शेताच्या बांधावरून वाहायचा तोच. तिथे तो खाणीने आणला होता. इथे खाण यायच्या आधीच आलाय, आणि तुम्ही आता त्याच प्रकारचे दगड फोडायला निघालात.

पाचवी थोडक्यात. आधीचं खरकटं काढलेलं नाही. पश्चिमेच्या नॅशनल पेट्रोलियम रिझर्व्हमध्ये, २ कोटी ३० लाख एकर आहे तो, १९४४ ते १९८२ या काळात सरकारने स्वतः १३६ विहिरी खोदल्या आणि कित्येक तशाच टाकून दिल्या, पिंपं, लोखंड, सगळं. दशकं उलटली, साफसफाई अजून चालूच आहे. आणि १९८९ साली एक्सॉन व्हॅल्डीझ जहाजातून १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं तिथे तर किनारा होता, माणसं होती, बोटी होत्या, तरी वर्षानुवर्षं दगडाखाली तेल सापडत राहिलं. उत्तरेला, अंधारात, तरंगत्या बर्फात सांडलं तर कोण काढणार?

आता दुसरी बाजूही मी बोलणार, नाहीतर हे पत्र खोटं होईल. या पट्ट्यातच काक्तोविक नावाचं इनुपियाट लोकांचं गाव आहे आणि तिथल्या बऱ्याच जणांना तेल हवंय. त्यांची शाळा, दवाखाना, नळाचं पाणी, आग विझवायची गाडी, हे सगळं उत्तरेच्या तेलावरच्या करातून आलंय. दूर शहरात गरम घरात बसून त्यांना नको म्हणायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. माझ्या भावाचा ट्रक मी विसरलेले नाही. आणि मीसुद्धा दर वर्षी पर्मनंट फंडाचा चेक घेते, तेलाच्या पैशातून अलास्कात राहणाऱ्या प्रत्येकाला १९८२ पासून मिळतो तो, २०२४ ला १,७०२ डॉलर होता, २०२५ ला १,०००. माझ्या मुलीच्या दातांच्या तारा त्यातूनच आल्या. घर मी हीटिंग ऑइलने गरम करते, उणे चाळीसला दुसरं करणार काय. तेलाशी माझा संबंध नाही असं मी म्हणूच शकत नाही. पण म्हणूनच सांगते, काक्तोविकच्या दवाखान्यासाठी जर कॅरिबूची विण्याची जागा गहाण टाकावी लागत असेल तर तो दोष काक्तोविकचा नाही, तो वॉशिंग्टनचा आहे. दवाखाना तसाही द्यायचाच असतो.

आणि कॅनडाबद्दल. हा कळप दोन देशांचा आहे. १९८७ साली तुम्ही कॅनडाशी या एका कळपासाठी लेखी करार केला होता. त्यांनी त्यांच्या बाजूची जागा इव्हाविक आणि वुंटुट अशी दोन नॅशनल पार्क करून राखली. अर्धं घर शेजाऱ्याने सारवून ठेवलंय आणि उरलेलं अर्धं आपण खणायला काढतोय.

मागण्या अशा आहेत.

काँग्रेसने चार लिलावांची सक्ती रद्द करावी आणि या १५ लाख ६० हजार एकरांना वाइल्डरनेसचा, म्हणजे रान जसंच्या तसं ठेवायचा, कायमचा दर्जा द्यावा, म्हणजे दर चार वर्षांनी सरकार बदललं की आमच्या मैत्रिणीच्या आईला पुन्हा विमानात बसून वॉशिंग्टनला जाऊन तेच तेच सांगावं लागणार नाही. ग्विचिन लोकांची समिती १९८८ पासून हेच सांगतेय, आता सांगणाऱ्यांची तिसरी पिढी आलीय.

तोपर्यंत इंटिरियर खात्याने कायद्याने जेवढं भागच आहे त्याच्यापेक्षा एक एकर जास्त लिलावात काढू नये, आणि विण्याच्या मुख्य जागा कुठल्याही परिस्थितीत काढू नयेत. भूकंपमापनाच्या गाड्यांना परवानगी देऊ नये. हिवाळ्यात त्याच बर्फाखाली ध्रुवीय अस्वलाच्या माद्या पिल्लं घेऊन बिळात असतात, वरून गाडी गेलेली त्यांना कळते पण गाडीवाल्याला त्या दिसत नाहीत.

अँब्लर रोडची परवानगी मागे घ्यावी. नसेल घ्यायची तर निदान सरकारने त्या कंपनीतला हिस्सा तरी सोडावा आणि मग, हातात काही नसताना, पुन्हा एकदा अभ्यास करावा.

सुनावण्या गावांमध्ये जाऊन घ्या. अँकरेजच्या हॉटेलात नको. शिकारीच्या नि मासेमारीच्या दिवसांत नको, कारण तेव्हा म्हातारी माणसं नदीवर असतात. ग्विचिन आणि इनुपियाट लोकांच्या भाषेत कागद द्या, दुभाषा द्या, आणि बोलणाऱ्याला तीन मिनिटांचं घड्याळ लावू नका. आणि काक्तोविकलाही जा, त्यांना तेलाशिवाय काय काय लागतं ते विचारा नि लिहून घ्या.

टाकून दिलेल्या त्या सगळ्या जुन्या विहिरी आधी साफ करा, तारखा जाहीर करून. ते होईपर्यंत नवीन भोक नको.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एकच विनंती. न्यू जर्सीत असा, टेक्ससमध्ये असा की कॅलिफोर्नियात, या जमिनीत तुमचा वाटा माझ्याएवढाच आहे, आणि तुमच्या सिनेटरचं मत आमच्या सिनेटरच्या मताएवढंच मोजलं जातं. आमचे तर दोघंही ड्रिलिंगच्या बाजूने आहेत म्हणून तुमच्याकडे येतेय. ऑफिसला फोन करा, दोन मिनिटं लागतात, फोन उचलणारी मुलं नाव, झिप कोड नि मुद्दा लिहून घेतात. आर्क्टिक रिफ्यूज आणि अँब्लर रोड, एवढे दोन शब्द पुरेत. गणपतीच्या कार्यक्रमात, दिवाळी पहाटेला भेटता तेव्हा शेजारच्यालाही सांगा. ज्यांच्या गावात खाण आली होती त्यांनी तर नक्कीच करा, तुम्हाला मी काही समजावून सांगायची गरज नाही.

बर्गम साहेब, जूनच्या पहिल्या आठवड्यात या. हेलिकॉप्टर घेऊन येऊ नका, पिल्लं बिथरतात. आर्क्टिक व्हिलेजला उतरा, तिथल्या लोकांना भेटा, मैत्रिणीची आई मांस कापत बसलेली असेल, तिच्या मांडवापाशी बसा आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐका. मी सुट्टी काढून येईन, कागदपत्रं वगैरे काही आणणार नाही.

पत्राचं उत्तर अपेक्षित आहे. इंग्रजीत दिलंत तरी चालेल, मी त्याचं मराठी करून जसंच्या तसं लोकांसमोर ठेवीन.

आपली,
फेअरबँक्सची एक मतदार
(मूळ डिचोली, गोवा)